चिकटलं म्हणजे जुळलं नव्हे

भाजीच्या रोपांच्या कलमांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘वांगी-टोमॅटोचं कलम तीन-चार दिवसांत धरतं, मग रोपं उन्हात काढा’ हा सल्ला खटकला. तेवढ्यात खालचा मुळांचा खुंट आणि वरचा शेंडा यांचा सांधा जेमतेम चिकटलेला असतो. कापलेल्या कडेच्या पेशी मरतात, त्यांच्यामागच्या जिवंत पेशी भराभर विभागून मऊ कॅलस (जखम भरणारा पेशींचा पुंजका) तयार करतात आणि फट भरते. खरी जोडणी त्यानंतरची. शेंड्याकडून खाली येणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर त्या कॅलसमध्येच नव्या वाहिन्या घडतात. बहुधा अन्नवाहिनी आधी जुळते, पाणी चढवणारी जलवाहिनी मागून. तोवर शेंडा तहानलेलाच, म्हणून आठवडाभर सावली आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. कोकणात पावसाळ्यात ती फुकट मिळते (बुरशीही!). आंब्याची कोय कलमं बांधणाऱ्या आमच्या दापोलीकडच्या हातांना सांधा धरून ठेवणारी क्लिप लावणं जड नाही, पण भाजीचं कोवळं रोप उन्हात बघता बघता मान टाकतं.

आणखी एक राहिलंच. लावणीत सांधा मातीच्या वर हवा. गाडला गेला तर वरच्या शेंड्यालाच मुळं फुटतात, त्यांतून रोग शिरतो, आणि जिवाणूजन्य मर रोग टाळायला घेतलेला रानवांग्याचा खुंट वाया जातो.