‘घरचंच वॉशिंग मशीन कॅराव्हॅनमध्ये बसवा’ या सल्ल्याचं वजन किती?

ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन लांबच्या सफरीला निघणाऱ्यांना हमखास मिळणारा एक सल्ला सध्या बराच फिरतो आहे. थोडक्यात तो असा : ‘कॅराव्हॅन पार्कच्या लॉन्ड्रीत पैसे घालवू नका. घरातलं 7 किलोचं फ्रंट लोडर मागच्या बाथरूममध्ये बसवा. 1000 वॅटचा इन्व्हर्टर आणि 200 वॅटचं सोलर पुरतं. पाणी 20 लिटरच्या वर लागत नाही. गाडी चालू असताना धुणं उरकतं. सांडपाणी झाडांना घाला, झाडंही खूश.’

कॅराव्हॅनमध्ये मशीन बसवता येतं, हजारो लोक ते वापरतात. त्याबद्दल वाद नाही. पण वरच्या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यं महागात पडणारी आहेत.

‘घरातलं 7 किलोचं फ्रंट लोडर बसवा’

या 7 किलोत कपड्यांचं वजन मोजलेलं असतं. मशीन स्वतः साधारण 60 ते 70 किलोचं असतं. स्पिनच्या वेळी ते नाचू नये म्हणून त्याच्या टबाला काँक्रीटचे जड ठोकळे जोडलेले असतात. आता हिशेब करा. कॅराव्हॅनची माल वाहायची मर्यादा 400 किलो धरली, तर 95 लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की 190 किलो गेले, 9 किलोच्या दोन सिलिंडरमधला गॅस 18 किलो. उरले 192. त्यात कपडे, किराणा, भांडी, खुर्च्या, ऑनिंगचं (दाराबाहेर ताणायच्या छताचं) सामान, हत्यारं. त्यातलं एक तृतीयांश वजन एकटं मशीन खाणार. मर्यादा ओलांडली तर दंड आहेच, अपघात झाल्यावर विमा कंपनीही हात वर करू शकते.

वजनापेक्षा मोठी अडचण टबाची आहे. फ्रंट लोडरचा टब स्प्रिंगांवर टांगलेला आणि खालून डॅम्परनी (हादरे शोषणाऱ्या दांड्यांनी) धरलेला असतो. घरी आणताना मागच्या बाजूला जे ट्रान्झिट बोल्ट असतात, ते याच कारणासाठी : प्रवासात टब हलू नये. कॅराव्हॅनमध्ये याचा अर्थ असा, की प्रत्येक मुक्कामी बोल्ट काढायचे आणि निघताना पुन्हा लावायचे. बोल्ट मागच्या बाजूला, आणि मशीन भिंतीला चिकटून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा नेम मोडतो. मग पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातल्या गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या, नालीदार रस्त्यावर टब आतल्या आत आपटत राहतो. आधी डॅम्पर सैल होतात, मग दाराचं रबर फाटतं.

त्याऐवजी 2.5 ते 3.5 किलो क्षमतेचं छोटं टॉप लोडर घ्या. ते साधारण 20 किलोच्या आसपास भरतं. त्याचाही टब चार सळ्यांवर टांगलेला असतो, आणि खराब रस्त्यावर सळी खाचेतून निसटते. यावर उपाय सोपा आहे : निघण्यापूर्वी टबात एक-दोन उशा किंवा फोम इतका ठासून भरायचा, की झाकण लावल्यावर ते दाबून बसेल, आणि झाकणावरून पट्टा आवळायचा. पुढच्या मुक्कामी स्पिनला ‘धाड धाड’ आवाज आला आणि टब एका बाजूला कललेला दिसला, तर सळी सुटली असं समजा. तसंच चालवत राहिलात तर टब बाहेरच्या पत्र्यावर घासतो.

मशीन नुसत्या प्लायच्या जमिनीवर ठेवू नका. चासीच्या आडव्या बीमवर येईल अशी जागा शोधा, 18 मिमी प्लायचा चौथरा आरपार बोल्टांनी कसा, चारही पायांना खाचा करा.

‘मागच्या बाथरूममध्ये’

कारखान्यात मागे बाथरूम काढतात तेव्हा पाण्याच्या टाक्या, गॅस, बॅटरी यांची मांडणी त्या हिशेबाने केलेली असते. तुम्ही नंतर मागे वजन वाढवलंत की तो हिशेब बिघडतो. 65 किलोचं मशीन ॲक्सलच्या 2.5 मीटर मागे आणि ॲक्सल ते हिच (कॅराव्हॅन गाडीला जोडतात तो सांधा) अंतर 4.5 मीटर, तर हिचवरचं वजन 65 × 2.5 ÷ 4.5, म्हणजे 36 किलोंनी कमी होतं. ऑस्ट्रेलियात हिचवर एकूण वजनाच्या सुमारे 10 टक्के भार असावा असा संकेत आहे. 2500 किलोच्या कॅराव्हॅनवरचे 250 किलो 214 वर आले, की मोठा ट्रक बाजूने गेल्यावर मागचं टोक झोकांड्या खाऊ लागण्याची शक्यता वाढते. त्याच जागी 20 किलोचं मशीन असेल तर फरक 11 किलोंचा. ॲक्सलजवळ बसवलं तर जवळजवळ शून्य. मशीन कुठेही बसवा, बसवल्यावर सगळं सामान भरून वजनकाट्यावर जाऊन या.

‘1000 वॅटचा इन्व्हर्टर, 200 वॅटचं सोलर’

घोडं पेंड खातं ते इथे. फ्रंट लोडरमधला हीटर साधारण 1800 ते 2000 वॅटचा असतो. बरीच मशीन्स थंड पाणीच घेतात आणि आत तापवतात. 1000 वॅटचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या 12 व्होल्टचे 230 व्होल्ट करणारा डबा, हीटर लागताक्षणी बंद पडेल. मोठा बसवला, तर 12 व्होल्टच्या बाजूने 170 अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. त्यासाठी बोटभर जाड केबल आणि बॅटरीपाशी योग्य फ्यूज लागतो. हिवाळ्यात टाझमानियात 10 अंशांचं 15 लिटर पाणी 40 अंशांपर्यंत तापवायला 0.52 युनिट लागतात. इन्व्हर्टरमधली गळती धरून 100 अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीतले सुमारे 45 अँपिअर-तास निव्वळ पाणी तापवण्यात गेले. 200 वॅटच्या पॅनलला चांगल्या उन्हात तेवढं भरायला जवळपास अख्खा दिवस लागेल, आणि फ्रिजही त्याच बॅटरीवर आहे.

छोट्या टॉप लोडरला हीटर नसतो. मोटर 300-400 वॅटची, अख्ख्या धुण्याला 0.1 ते 0.2 युनिट. मात्र पल्सेटर (टबाच्या तळाची फिरती चकती) दर काही सेकंदांनी उलट फिरतो, आणि प्रत्येक वेळी मोटर नव्याने सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट प्रवाह ओढते. म्हणून ‘350 वॅटचं मशीन, 500 वॅटचा इन्व्हर्टर’ हे गणित फसतं. 1500 ते 2000 वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्यासारखी सफाईदार वीज देणारा, घ्या. स्वस्त मॉडिफाइड साइनवर मोटर गुणगुणते, तापते, आणि कंट्रोल बोर्ड कधी जाईल सांगता येत नाही. 230 व्होल्टचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ओल्या जागेतलं उपकरण आहे. वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं 30 मिलिअँपिअरचं संरक्षण इन्व्हर्टरवर चालतानाही काम करतं का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. पार्कच्या विजेवर ते ट्रिप होतं म्हणजे इन्व्हर्टरवरही होईल, असं नाही.

‘20 लिटर पाणी पुरतं’

सर्वांत खालच्या पातळीवरही एका भरणीला साधारण 15 लिटर. धुणं आणि दोन खंगाळण्या मिळून 45. दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिमेकडे जाताना लागणाऱ्या नलरबोरच्या रुक्ष पठारावर, जिथे सेडुना ते नॉर्समन साधारण 1200 किलोमीटरच्या पट्ट्यात पाणी जपूनच वापरावं लागतं, तिथे 45 लिटर म्हणजे अर्धी टाकी. पाणी वाचवता येतं, पण हाताने : धुऊन झालं की खंगाळण्याआधी मशीन थांबवून एकदा स्पिन घ्या. साबणाचं पाणी पिळून निघतं आणि एकच खंगाळणी पुरते. ते शेवटचं पाणी बादलीत धरून पुढच्या घाण्याला वापरा. साबण पाकिटावरच्या मापाच्या निम्मा. दोन किलो कपड्यांना एक मोठा चमचा लो-फोम पावडर भरपूर झाली.

नळजोडणीचं दोन ओळींत. मशीनच्या व्हॉल्व्हला साधारण 0.3 ते 0.5 बार दाब लागतो, टाकीतून नुसतं उतरणारं पाणी तो देत नाही, 12 व्होल्टचा पंप देतो. पार्कच्या नळाला थेट जोडताना 350 किलोपास्कलचा प्रेशर लिमिटर लावा. ड्रेन पाइप टबातल्या सर्वांत वरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच चढवून मग खाली न्या आणि जोडावर हवेला जागा ठेवा, नाहीतर सायफन बसतो : इकडून पाणी भरतंय, तिकडून जातंय, आणि पंप थांबतच नाही.

‘गाडी चालू असताना धुणं’

नको. पातळीचा सेन्सर हेलकाव्यांत फसतो, 15 लिटर पाणी टबासकट सळ्यांना झोके देतं, आणि चालत्या कॅराव्हॅनमध्ये पाइप निसटला तर पुढे बसलेल्या तुम्हाला पत्ताही लागत नाही. धुणं मुक्कामी, जॅक खाली टेकवून, स्पिरिट लेव्हल बघून. रस्त्याच्या हेलकाव्यांचा फायदा घ्यायचाच असेल तर घट्ट झाकणाची 20 लिटरची बादली, 6-7 लिटर पाणी, चिमूटभर पावडर आणि मोजे-टीशर्ट. बादली शॉवरच्या ट्रेमध्ये पट्ट्याने बांधा. दोनशे किलोमीटरनंतर कपडे बऱ्यापैकी निघालेले असतात.

‘सांडपाणी झाडांना’

धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. रुक्ष मातीत ते साचत जातात आणि मातीचा पोत बिघडवतात. अनेक कॅम्पिंगच्या जागांवर ग्रे वॉटर टँक (सांडपाणी साठवायची टाकी) असलेल्यांनाच थांबू देतात. पाणी टाकीत घ्या आणि ते घेणाऱ्या डम्प पॉइंटवरच (सांडपाणी ओतायच्या ठरलेल्या जागीच) रिकामं करा. टाकी भरली की ते वजनही हिशेबात येतं, हे विसरू नका.

आता लॉन्ड्रीच्या पैशांचं. पार्कच्या मशीनला एका घाण्याचे साधारण चार-पाच डॉलर पडतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी मशीन, इन्व्हर्टर, केबल आणि इलेक्ट्रिशियन यांवर खर्च करणं आमच्या मते शुद्ध हौस आहे. सहा महिने फिरायचं असेल, लहान मुलं बरोबर असतील आणि मुक्काम बहुतेक पार्कबाहेर असतील, तर छोटं टॉप लोडर जरूर बसवा. दोन्हींच्या मधले असाल तर आधी ती बादली वापरून पाहा.