पाव आणि सही

भाऊबीजेला सांगलीशी व्हिडिओ कॉल झाला. धाकट्या बहिणीने माझ्या वाटचंही दादाला ओवाळलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. ताटं उचलली गेली आणि विषय ‘लाडकी बहीण’वर गेला. दादा म्हणाला, "महिन्याला दीड हजार टाकले की बायकांचं मत खिशात. पोट रिकामं असलेल्याला राज्य-बिज्य काही कळत नसतं. तुमच्या फ्रान्समध्ये तरी काय झालं? पाव महागला, बाया राजवाड्यावर चालून गेल्या, त्यालाच तुम्ही क्रांती म्हणता." सगळे हसले. सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी पॅरिसजवळच्या व्हर्सायला राहते, तो राजवाडा इथेच आहे. ज्या रस्त्याने त्या ‘बाया’ आल्या, त्याच आव्हन्यू द पारीवरून मी रोज आरईआर, म्हणजे इथली लोकल, पकडायला जाते. त्यामुळे या विषयावर मला कुणी शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी ऐकवल्या की राग येतो.

पाव महागला होता, हे खरंच आहे. १३ जुलै १७८८ ला गारपिटीने उभं पीक झोडपलं, वर तो हिवाळा जीवघेणा. एरवी आठ-नऊ सूला (सू म्हणजे तेव्हाचं नाणं) मिळणारा चार पौंडांचा पाव पुढच्या वर्षी चौदा सूच्या वर गेला, आणि मजुराची दिवसाची कमाई होती वीस-तीस सू. पण दादा, गारपीट काय, दुष्काळ काय, फ्रान्सने त्याआधीही पाहिले होते. राजाची गादी त्याने हलली नव्हती. या वेळी तिजोरीच रिकामी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेल्या कर्जाची त्यात भर पडली होती, खर्चाची निम्मी रक्कम व्याजात जात होती, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते सरदार आणि धर्मगुरू बहुतेक करांतून सुटलेले. कर वाढवायचा तर कुणाची तरी संमती हवी, म्हणून राजा सोळाव्या लुईने १६१४ नंतर प्रथमच धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांची सभा बोलावली. आणि सभेआधी गावागावांतून तक्रारींच्या वह्या मागवल्या.

या वह्यांबद्दल मी दादाला कितीतरी वेळ सांगू शकेन. खेड्यातल्या माणसांनी त्यांत काय लिहिलं? मिठावरचा कर जाचक आहे. जमीनदाराची कबुतरं आमचं पेरलेलं बी टिपून खातात आणि त्यांना मारायची आम्हाला मुभा नाही. तो शिकारीला निघाला की घोडे आमच्या पिकातून जातात. हे उपाशी जमावाचं ओरडणं नाही. आपल्यावर नेमका कुठला अन्याय होतो हे कलमवार सांगणारी ही माणसं आहेत. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, त्या सभेतूनच उभ्या राहिलेल्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, तेव्हा कबुतरखान्यांचा मुद्दा त्या ठरावात होता. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. आणि राजा? तो मान्यता द्यायला महिनाभर टाळाटाळ करत राहिला.

त्या बायका निघाल्या त्या या पार्श्वभूमीवर. ५ ऑक्टोबर, पाऊस लागलेला. सकाळी पॅरिसच्या नगरभवनापाशी बाजारातल्या मासेवाल्या, भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या जमल्या, काही हजार. वीसेक किलोमीटर चिखलातून चालल्या, बरोबर तोफा ओढत. राजा तेव्हा शिकारीला गेला होता, त्याला बोलावून आणावं लागलं. त्या आधी राजवाड्यात गेल्या नाहीत, आधी राष्ट्रसभेत गेल्या. ओल्या कपड्यांनी प्रतिनिधींच्या बाकांवर जाऊन बसल्या. त्यांचं शिष्टमंडळ राजाला भेटलं, त्याने धान्याचं वचन दिलं, आणि त्याच रात्री ठरावांना आणि जाहीरनाम्याला मान्यताही दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राजवाड्यात घुसला, दोन पहारेकरी मारले गेले. ते मी झाकून ठेवणार नाही. दुपारी राजा, राणी आणि राजपुत्र पिठाच्या गाड्यांसोबत पॅरिसला निघाले. "बेकरीवाला, बेकरीवाली आणि त्यांचं पोर आणलं," असं लोक ओरडत होते. पाव मागायला गेलेल्या बायका राजाची मान्यता घेऊन आणि राजालाच घेऊन परतल्या. राजवाडा पुन्हा राजाचा झाला नाही. १७९२ च्या सप्टेंबरात राजेशाही गेली, १७९३ च्या जानेवारीत राजाचं डोकं.

आणि ‘पाव नाही तर केक खा’ हे राणीच्या तोंडी घालू नये. विचारवंत रूसोने तसली गोष्ट एका थोर राजकन्येच्या नावावर लिहिली, तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, व्हिएन्नात वाढणारी लहान मुलगी होती.

दादाचं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे: शेवटी नेपोलियनच आला ना? आला. त्याआधी दहशतीचं वर्षही आलं. बायकांचे क्लब १७९३ च्या ऑक्टोबरात बंद केले, आणि स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजला चार दिवसांत गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच बायकांनी पहिलं मत टाकलं ते १९४५ साली. म्हणजे माझ्या आजीच्या फक्त सात वर्षं आधी. आजीने १९५२ ला मिरजेत टाकलं, तेही कुठल्या राजवाड्यावर चालून न जाता. इथल्या मैत्रिणींना मी हे अभिमानाने सांगते. महात्मा फुल्यांनी १८४७ मध्ये थॉमस पेन वाचला, हेही सांगते. त्या पेनने फ्रेंच क्रांतीची बाजू घेऊन लिहिलं, पॅरिसच्या सभेत निवडून बसला, आणि राजाला मारू नका, हद्दपार करा असं तिथे मांडलं. बाबासाहेबांनी तर १९५४ ला रेडिओवरून स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीकडून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली आहे. इथे मेरीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दारावर ते तीन शब्द कोरलेले दिसतात तेव्हा मला दरवेळी ते आठवतं.

सांगलीला आमच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या मावशींना ‘लाडकी बहीण’चे पैसे मिळतात. पहिल्या हप्त्यातून त्यांनी नातीची वह्या-पुस्तकं आणली. २०१९ च्या पुरात त्यांचं घर पाण्यात गेलं होतं. पंचनाम्यात त्यांच्या गल्लीचं नाव नव्हतं, तेव्हा पंधरा बायका घेऊन त्या सलग आठ दिवस कचेरीत बसल्या आणि नाव घालून घेतलं. त्यांचं मत कुणाच्या खिशात आहे, हे दादाला कसं कळतं?

मला इतकं का लागलं, तेही लिहिते. २०२२ ला मी इथलं नागरिकत्व घेतलं. मुलाखतीत चौदा जुलै हा इथला राष्ट्रीय दिन विचारला, प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली मारियान विचारली, मी न अडखळता सांगितलं. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी मात्र रात्रभर झोप आली नाही. २०२४ च्या जूनमध्ये पहिल्यांदा इथे मत दिलं. पाकीट पेटीत पडलं, "आ व्होते", म्हणजे ‘मत दिलं’, असं म्हणाले, मी सही केली आणि नकळत डावं बोट पुढे केलं. तिथे शाई नसते. बाई माझ्याकडे बघत राहिली. मी बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसले.

दादा म्हणतो, तू आता तिथली, तुला काय पडलंय. सांगलीत मावशींना मत आहे आणि मला नाही, हे त्याला माझ्याइतकं कळणार नाही.

पुढच्या दिवाळीचं तिकीट काढलं आहे. दादाने ते वाक्य तेव्हा स्वयंपाकघरात येऊन मावशींसमोर म्हणावं. त्या सकाळी नऊला येतात.