बरणीची झडती

कणीक आणि पाणी कालवून आंबवावे, रोज त्यातले थोडे काढून टाकून ताजे पीठ घालावे आणि त्या खमिराच्या बळावर, यीस्टच्या पुडीला हात न लावता सॉरडो पाव भाजावा, एवढाच माझा गुन्हा. फोंड्यातल्या आमच्या इमारतीत तो उघडकीस आणला वरच्या मजल्यावरच्या काकांनी. ते अबकारी खात्यातून निवृत्त झाले असले तरी त्यांचे नाक अजून सेवेत आहे.

परदेशी पाककृती बरणी २०-२१ अंशांच्या खोलीत ठेवायला सांगतात. मे महिन्यात फोंड्यात तेवढा गारवा हवा असेल, तर बरणीसाठी एसी लावावा लागेल. तिकडे आठ-दहा तासांत फुगणारे खमीर इथे चार तासांत दुप्पट होते, मग उपाशी राहून खाली बसते आणि वर काळपट पाणी सोडते. त्या पाण्याला दारूचा वास येतो. एरवी मी खमिराच्या पाचपट पीठ आणि पाचपट पाणी घालून त्याला आवरते, परंतु परवा वीज रात्रभर गेली, फ्रिज तापला आणि सकाळी काका बनियनवरच दारात उभे राहिले.

"काजूची की माडाची?"

"गव्हाची," मी म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रकार आपल्या हाती कसा लागला नाही, याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. "ग्राव किती?" त्यांनी विचारले. फेणीचा कडकपणा गोव्यात ग्रावमध्ये सांगतात आणि काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण ते माप कणकेला लावणारे काका बहुधा पहिलेच असावेत. मी त्यांना शांतपणे समजावले की पिठातले यीस्ट साखरेपासून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल बनवते, पाव भाजताना अल्कोहोल बहुतेक उडून जाते आणि आंबटपणा येतो तो जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लांमुळे.

"म्हणजे अल्कोहोल आहे, हे तुम्ही मान्य करता."

त्यांनी बरणी उजेडाकडे धरली, तिरकी केली, एक बोट बुडवून चाखले आणि नाइलाजाने म्हणाले, "फेस बरा आहे." मग माझ्या खांद्यावरून आत पाहत त्यांनी विचारले, "भाऊ घरात आहेत का?"

खमीर पोसायचे मी, त्यासाठी रात्री-अपरात्री उठायचे मी, आणि जबाब मात्र अशा माणसाने द्यायचा ज्याला ही बरणी आणि इडलीचे पीठ यांतला फरक आजवर कळलेला नाही! मी नाही म्हटल्यावर काकांनी आवाज खाली आणला. "पोदेर दारात येतो, मग हा खटाटोप कशाला?" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याचा आवाज आला की मीही पिशवी घेऊन खाली धावते, त्याच्या पोई पावाशी माझे काहीच वैर नाही. परंतु पूर्वी हेच पोदेर माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवत असत. पुढे माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळेनाशी झाली आणि भट्टीत यीस्ट आले. ज्या मुलखाने पिढ्यान् पिढ्या रानटी खमिराचा पाव खाल्ला, त्याच मुलखात माझी बरणी शहरी थेर ठरते. याचा मला खरोखर राग येतो.

जाताना काकांनी माझ्याच ओट्यावरची लोणच्याची रिकामी बाटली उचलून तीत 'नमुना' भरून घेतला आणि तिच्यावर तारीखही लिहिली. काल काकूंनी जिन्यात सांगितले की सूर न मिळाल्याने त्यांनी इडलीसारख्या सान्नांच्या पिठात तोच नमुना घातला आणि सान्नां कापसासारखी झाली. खाली एकही आले नाही. वास डक्टमधून फक्त वरच जातो अशी बहुधा त्या घराची समजूत आहे. निदान बाटली तरी परत द्यावी, म्हणून मी वर गेले, तेव्हा काकांनी दार अर्धवट उघडून सांगितले की मुद्देमाल असा लगेच परत करता येत नाही.