कॅम्पवरचा स्वयंपाक घरातच उरकावा

थंडी पडू लागली की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातली तरुण मंडळी तंबू पाठीला लावून बाहेर पडतात, याचा मला मनापासून आनंद होतो. कोणी पारगडाकडे जाते, कोणी महिपाळगडाच्या परिसरात, तर कोणी जांबोटी-चोर्ला रस्त्यालगत ओळखीच्या शेतात रात्र काढते. मात्र त्यांच्या सॅकमधून बाहेर येणारे खाणे पाहिले की वाईट वाटते. नूडल्सची पाकिटे, ब्रेड, चिप्स, थंड पेयांच्या बाटल्या असाच बहुतेक ऐवज असतो आणि त्यातला निम्मा प्लास्टिक होऊन तिथेच मागे राहतो. मला वाटते, कॅम्पसाठीचा स्वयंपाक तीन हिस्से घरीच उरकावा आणि मुक्कामावर केवळ पाणी उकळण्यापुरते काम शिल्लक ठेवावे. त्यासाठी लागणारे सारे पदार्थ आपल्या घरांत पूर्वीपासून होत आले आहेत.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला बैलगाड्या जोडून जाणारी कुटुंबे आठवून पाहावीत. कडक भाकऱ्यांची चळत, दोन-तीन कोरड्या चटण्या, तांदूळ, डाळ, गूळ आणि पीठ एवढा शिधा घरून बांधून न्यायचा, वाटेत भाकरी-चटणीवर भागवायचे आणि डोंगरावर पोहोचल्यावर चूल मांडून नैवेद्याचा ताजा स्वयंपाक करायचा, अशी ती रीत आहे. प्रवासात काय खावे आणि कशासाठी चूल पेटवावी, याचा इतका नेमका विचार त्या रीतीत आहे की आजच्या कॅम्पिंगसाठी वेगळे काही शिकण्याची मला गरज वाटत नाही.

कडक भाकरी टिकते ती तिच्यात पाण्याचा अंश जवळजवळ उरत नाही म्हणून. ज्वारीची भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापून, वरून तीळ लावून दोन्ही बाजूंनी भाजावी आणि नंतर मंद आचेवर, मधूनमधून कापडाने दाबत, पापडासारखी कडक होईपर्यंत तव्यावर ठेवावी. पूर्ण गार होण्याआधी ती डब्यात भरली तर आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून इथे घाई करू नये. सुती कापडात गुंडाळून सॅकच्या वरच्या भागात ठेवली म्हणजे तिचा चुरा होत नाही, आणि झालाच तरी गरम पिठल्यात कुस्करायला तो उलट सोयीचा पडतो. दमट हवेत ती सर्द झाली तर झाकणावर किंवा तव्यावर पुन्हा शेकून घ्यावी.

चटण्यांच्या बाबतीत एकच पथ्य मी आग्रहाने सांगेन, ते म्हणजे ओले खोबरे, ओला लसूण आणि कोथिंबीर यांना या डब्यात थारा देऊ नये. शेंगाची, जवसाची, कारळ्याची चटणी जिन्नस नीट भाजून, संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची घालून कोरडीच कुटावी. लसूण हवाच असेल तर तो तेलात कुरकुरीत तळून घालावा. जेवताना शेंगाच्या चटणीवर कच्चे तेल घेतले की दुसऱ्या कालवणाची आठवणही होत नाही.

आता मुक्कामावरच्या गरम जेवणाविषयी. माझ्या मते हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठल्याला तोड नाही. हुलगे खमंग भाजून, भरडून, पाखडून त्यांचे पीठ दळून घ्यावे. कढईत थोड्या तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, लसणाचे काप आणि सुकी मिरची घालावी, कढीपत्ता व लसूण कुरकुरीत होईपर्यंत परतावेत, मग त्यातच पीठ, हळद, मीठ आणि दोन-चार सुकी आमसुले घालून आणखी थोडे परतावे. गार झाल्यावर हा कोरडा ऐवज डब्यात भरला की घरचे काम संपले. कॅम्पवर एक वाटी पिठाला चार ते पाच वाट्या पाणी घ्यावे. त्यातल्या थोड्या गार पाण्यात पीठ कालवून गुठळ्या मोडाव्यात, उरलेले पाणी उकळी आले की हे कालवण त्यात ओतावे आणि ढवळत राहावे. आठ-दहा मिनिटांत भाजलेल्या हुलग्याचा वास सुटतो, पिठले चकाकू लागते आणि थंडीत कुडकुडणारी माणसे आपोआप भांड्याभोवती गोळा होतात.

भाताचा हट्ट असेल तर दोन वाट्या तांदळाला एक वाटी मसूर किंवा मूग डाळ, मीठ, हळद आणि कोरडा मसाला असे सारे घरीच एकत्र करून न्यावे. तुरीची डाळ मात्र नेऊ नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. कुकरशिवाय तूर शिजवताना इंधन संपते आणि डाळ कचकचीतच राहते. अख्खा मसूर आवडणाऱ्यांनी तो चालताना पाण्याच्या बाटलीत भिजत ठेवावा, संध्याकाळपर्यंत तो शिजण्याजोगा फुगलेला असतो. रात्रीचा उरलेला भात सकाळी परतून खाण्याचा मोह मात्र टाळावा. उबदार राहिलेल्या भातात जिवाणू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

गोडासाठी शेंगदाणा-गुळाचे लाडू किंवा गोकाकचे करदंट, म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याची वडी, पुरेसे आहे. कुंदा कितीही प्रिय असला तरी तो खव्याचा, त्यामुळे पहिल्याच दिवशी संपवावा.

चुलीविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. खानापूर तालुक्यातले भीमगड हे २०११ पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. डिसेंबरनंतर कारवीचा पाला आणि गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी अख्खा उतार पेटवू शकते. मुक्काम परवानगीच्या जागीच करावा आणि तिथेही लहान गॅस शेगडी वापरावी. पीठ घरी भाजलेले असले म्हणजे गॅसचा एक छोटा डबा चार जणांना सहज पुरतो, हा घरच्या तयारीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. या रानात अस्वले आहेत. उष्टे-खरकटे तंबूजवळ टाकणे किंवा उघडे डबे उशाशी ठेवून झोपणे हे त्यांना आमंत्रण देण्यासारखे आहे. जेवणानंतर डबे घट्ट लावून तंबूपासून दूर ठेवावेत आणि खरकटे पिशवीत बांधून परत आणावे.

घरी एवढे करायला सवड नसेल तर निदान कडक भाकरी विकत घ्यावी. आपल्याकडे अनेक ठिकाणी महिला बचत गट ती करतात आणि बाजारात सहज मिळते. एका रात्रीच्या मुक्कामाला माणशी चार भाकऱ्या, दोघांत वाटीभर चटणी आणि चौघांत दीड वाटी पिठल्याचे पीठ असा हिशेब धरावा, आणि चालणे जास्त असेल तर लाडू तेवढे वाढवावेत.