आमचं टेंटेटिव्ह आहे हं

काल फॅमिली ग्रुपवर विचारलं, गणपतीला जेवायला कोण कोण येताय, मोदकांचा अंदाज यायला हवा. चुलतभावाचं उत्तर, "आमचं चौघांचं टेंटेटिव्ह आहे हं." आता मी उकड किती काढू?

पूर्वी आपल्याकडे "बघू" होतं. बघू म्हटलं की समोरचा समजायचा, हा काही येत नाही. टेंटेटिव्हचं तसं नाही, त्याला ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट आहे, त्यामुळे त्याला उलटा प्रश्न विचारायची आपली हिंमतच होत नाही. आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस म्हणाला, टेंटेटिव्ह पझेशन डिसेंबर, सगळ्यांनी माना डोलावल्या, कुठला डिसेंबर हे एकानेही विचारलं नाही आणि आम्ही अजून डोंबिवलीत भाड्याने!

खरं तर शब्द बिचारा चांगला आहे. मूळ लॅटिन, टेंटारे, म्हणजे हाताने चाचपून बघणं, करून बघणं. जेलीफिशचे टेंटॅकल्स त्यातलेच, आणि अटेम्प्टही. म्हणून इंग्रजीत टेंटेटिव्ह स्माइल असतं, बिचकत केलेलं, समोरचा हसतो का बघत बघत. आपण मात्र तो फक्त तारखेला चिकटवला. आणि चाचपणारा माणूस हात पुढे करतो हो, हात खिशात घालून टेंटेटिव्ह म्हणत नाही.

मराठीत याचं सर्रास 'तात्पुरता' करतात, ते मला अजिबात पटत नाही. युनेस्कोची टेंटेटिव्ह लिस्ट असते, त्यात निदान वर्षभर नाव असल्याशिवाय जागतिक वारशासाठी नॉमिनेशन विचारातच घेत नाहीत. आपले मराठ्यांचे किल्ले 2021 मध्ये त्या यादीत गेले तेव्हा कुठेतरी 'तात्पुरत्या यादीत समावेश' असं वाचून बाबा वैतागले होते, "तात्पुरत्या म्हणजे? नंतर काढणार की काय?" बरोबर आहे ना त्यांचं, तात्पुरतं म्हणजे जे नंतर जाणार, राहणार नाही, आणि टेंटेटिव्ह म्हणजे जे अजून पक्कं व्हायचंय. (2025 च्या जुलैत बारा किल्ल्यांचं, म्हणजे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, झालं पक्कं, बाबांनी पेढे आणले.) 'संभाव्य' चालेल पण तो सरकारी वाटतो, बोलताना कोण म्हणतं. मला विचाराल तर 'कच्चं'. कच्ची यादी, कच्चा आराखडा, म्हणजे काम चालू आहे आणि पक्कं करायची जबाबदारी कोणावर तरी आहे. शिवाय लहानपणी खेळात कच्चा लिंबू असायचाच की, खेळतोय पण धरायचा नाही.

तर ग्रुपवर लिहून टाकलं, चौघे कच्चे लिंबू, शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, नाहीतर वरण-भात पक्का आणि मोदक टेंटेटिव्ह.

पाच मिनिटांत वहिनीचा मेसेज, "येतोय. चौघंही."