रद्दीची पिशवी, ब्रश आणि ‘नवे सोने’

परवा डिचोलीहून थोरल्या वहिनीचा फोन आला. “भावजी, तुम्ही कुंडईला खोक्यांच्या कारखान्यात ना? मग हे खरं काय ते सांगा.” पाठोपाठ मेसेज. तोच मला आधी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता पुसला होता. मजकूर थोडक्यात असा: प्लास्टिक बंद झाले, आता कागदाची रसायने हेच नवे सोने, मागणी दसपट होणार. आमचे जर्मन तंत्रज्ञानाचे कोटिंग घरच्या घरी ब्रशने रद्दीच्या पिशवीला लावा. पिशवी वॉटरप्रूफ, तेलरोधक आणि फूड ग्रेड होईल. शंभर टक्के वनस्पतिजन्य. चवथीआधी ड्रम बुक करा, तालुक्याची डीलरशिप मिळवा.

वहिनीच्या स्वयंसहाय्य गटाच्या बारा बायका साठवलेले पैसे यात घालायला निघाल्या आहेत. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ‘फूड ग्रेड’. रद्दीची पिशवी फूड ग्रेड होत नाही. ब्रशने नाही, जर्मन ब्रशने तर नाहीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला किंवा ठेवायला सरळ मनाई आहे. लोक ऐकेनात म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये प्राधिकरणाने पुन्हा जाहीर बजावले: छपाईच्या शाईत शिसे आणि इतर जड धातू असू शकतात, ते अन्नात उतरतात. गरम भज्यांचे तेल तर ती शाई आयतीच सोडवून घेते. भजी काढल्यावर बातमी उलटी उमटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वरून कसलेही पाणी फासले तरी शाई कागदातच राहते. उद्या पिशवीतल्या मिरची-भज्यांवरून कुणी तक्रार केली, तर निरीक्षक येईल तो गटाच्या दारात. मेसेज लिहिणाऱ्याचा पत्ता त्यात दिलेलाच नाही.

आता ‘वॉटरप्रूफ’. कागदाने पाणी पिऊ नये म्हणून कागदगिरण्या त्यावर प्रक्रिया करतात, तिला साइझिंग म्हणतात. पूर्वी राळ आणि तुरटी वापरत, हल्ली बहुधा एकेडी नावाचे मेणासारखे रसायन. ते बहुतेक लगद्यातच मिसळतात, टनाला किलो-दोन किलो एवढेच, आणि तापलेल्या ड्रायरवरून कागद फिरला की ते तंतूंना धरते. आमच्याकडे क्राफ्टचे, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाचे, रीळ आले की कॉब टेस्ट घेतो, म्हणजे ठरलेल्या वेळात कागदाने किती ग्रॅम पाणी शोषले ते मोजतो. गिरणीचा माल असूनही कधीकधी नापास होतो. मग ओसरीवर ब्रशने काय साधणार? शिवाय एकेडीचे इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेले मिश्रण, उकाड्यात फार दिवस टिकत नाही, आणि यांचा ड्रम तर पत्र्याच्या शेडमध्ये राहणार. ड्रममध्ये नेमके काय आहे, हे मेसेजात एका अक्षरानेही सांगितलेले नाही.

‘मागणी दसपट’मध्ये अर्धे सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आली. पुठ्ठ्याची खोकी वाढली आहेत, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. तेल रोखायला वापरली जाणारी पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायने मागे पडताहेत. डेन्मार्कने अन्नाच्या कागदात ती 2020 मध्ये बंद केली. अमेरिकेत अशा कोटिंगची विक्री थांबल्याचे तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले. म्हणून पर्यायी कोटिंगला बाजार आहे, खराच आहे. पण प्लास्टिक ‘बंद’ झालेले नाही. 120 मायक्रॉनची जाड पिशवी आजही चालते. आणि ही रसायने गिरण्या टँकरने घेतात. दांडेलीच्या गिरणीला डिचोलीच्या डीलरची गरज नाही.

वनस्पतिजन्य? मक्याचा स्टार्च कागदात भरपूर जातो, तेवढे खरे. पण ओल्यात कागद फाटू नये म्हणून घालतात ते रेझिन एपिक्लोरोहायड्रिन नावाच्या रसायनापासून बनते. ते झाडाला लागत नाही.

राहिले जर्मन तंत्रज्ञान. बीएएसएफ ही जर्मनीची रसायनातली सगळ्यात मोठी कंपनी. तिने 2019 मध्ये कागदाच्या ‘ओल्या टोकाच्या’, म्हणजे लगद्यात मिसळायच्या, रसायनांचा धंदा सोलेनिस या दुसऱ्या रसायन कंपनीत विलीन केला आणि 2021 मध्ये आपला उरलेला हिस्साही विकला. सोन्याची खाण असती तर सोडली असती?

वहिनीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, “बरं, पण गटाने गोळा केलेली रद्दी आहे, तिचं काय करू?” करा की पिशव्या. कपड्यांना, बांगड्यांना, अगरबत्तीला चालतात. घरी खळ शिजवा आणि चिकटवा. खळीला ड्रम लागत नाही. आणि खाण्यासाठी पिशव्या करायच्याच असतील तर कोरा फूड ग्रेड कागद घ्या, बिलासोबत चाचणीचा दाखला मागा. दाखला द्यायला दुकानदार टाळाटाळ करू लागला तर मला फोन करा.