जुळ्यांची सीट लहान झाली म्हणून मांडी मोठी होत नाही

आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्याकडे माहेरी जायच्या पिशव्या भरायला लागतात आणि व्हॉट्सअॅपवर सल्ले यायला लागतात. यंदा नात्यातल्या ग्रुपांवर 'जुळ्यांच्या आयांसाठी' म्हणून एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीतल्या बकेट सीटमधून (तान्ह्या बाळाला मागे तोंड करून बांधायची ती टोपलीसारखी सीट) पाय बाहेर आले की ती सीट संपली, नवीन घेणं ही कंपन्यांची लूट, एक लेकरू आईच्या मांडीवर, दुसरं आजीच्या, यासारखी सुरक्षा नाही, सीट घ्यायचीच तर वर्ष झाल्यावर तोंड पुढे करून बसवा, खान्देशच्या उन्हात सीटमध्ये लेकरं भाजतात, आणि कायद्यात असलं काही नाही. माझी जुळी, एक मुलगा एक मुलगी, नेमकी याच टप्प्यावर आहेत. संदेश सासरहूनही आला, माहेरहूनही. म्हणून उत्तर एकदाच लिहिते.

'पाय बाहेर आले, सीट संपली.' पाय मोजायचेच नसतात. मागे तोंड करून बसलेलं बाळ पाय दुमडतं, मागच्या सीटच्या पाठीला टेकवतं, त्यात त्याला काही त्रास नसतो. बघायचं ते वजन आणि डोकं. बऱ्याच बकेट सीटची मर्यादा 13 किलो असते. आपल्या सीटच्या लेबलवर वाचून घ्या. आणि डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून साधारण एक इंचावर आला की वजन कितीही असो, सीट लहान झाली. बहुतेक बाळांचं डोकं आधी पोचतं, वजन मागे राहतं.

इथेच जुळ्यांची गंमत आहे. 'दोघांना एकदमच बदला' असंही त्या संदेशात आहे. का म्हणून? जुळी बऱ्याचदा दिवस भरायच्या आत होतात, वजनात फरक घेऊनच येतात, आणि तो फरक वर्षभर टिकू शकतो. आमच्याकडे मुलगा कडेला टेकलाय, मुलीला अजून चांगली जागा आहे. ज्याची सीट लहान झाली त्याला मोठी घ्यायची, दुसरीला बकेटमध्येच राहू द्यायचं. खर्चही दोन हप्त्यांत विभागतो, हे लूट म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

'आईच्या मांडीसारखी सुरक्षा नाही.' मायेचा मुद्दा असता तर मी वाद घातला नसता. हा हिशोबाचा मुद्दा आहे. गाडी ताशी 50 किलोमीटरवर असताना समोर आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 9 किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला जवळजवळ सव्वाशे किलोचा जोर लागतो. हाताशी वेळ किती? डोळा मिटायलाही पुरत नाही. आजीने बेल्ट लावलेला नसेल (मागे बसून बेल्ट कोण लावतं आपल्याकडे!) तर तिचं सगळं वजन त्याच बाळावर येतं. एकाच बेल्टमध्ये आजी आणि बाळ दोघं, हा उपाय तर त्याहून वाईट, कारण दोघांच्या मधे बाळच चेपलं जातं.

'आमच्या काळी काई व्हत नही,' असं मोठी माणसं म्हणतात. मावशी, तुमच्या काळी एसटी होती, आणि रस्त्याला एवढ्या गाड्या नव्हत्या. आता जळगावहून शहाद्याला निघा चोपडा-शिरपूरवरून. केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, समोरून ओव्हरटेक करत येणारा एखादा महाभाग. त्या रस्त्यावर मांडीचा भरवसा मी देणार नाही.

'वर्ष झालं, तोंड पुढे करा.' सगळ्या संदेशातला हा सर्वांत घातक सल्ला. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने खूप जड असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकजीव व्हायला तीन ते सहा वर्षांचं वय यावं लागतं. तोंड पुढे असताना गाडी आदळली की धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ तिन्ही सीटच्या पाठीत एकत्र रुततात. युरोपातल्या नव्या नियमात 15 महिन्यांच्या आत तोंड पुढे करायलाच मनाई आहे, आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा. बकेटनंतर घ्यायची ती कन्व्हर्टिबल सीट, म्हणजे मागे आणि पुढे दोन्हीकडे तोंड करून लावता येणारी मोठी सीट, आणि ती आधी मागे तोंड करूनच लावायची. खांद्याचे पट्टे तेव्हा खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित खाली हवेत.

दोघांपैकी एक बाळ पुढे, आईशेजारी, असंही कुणी सुचवतं. पुढच्या सीटला एअरबॅग असेल आणि सीटचं तोंड मागे असेल, तर एअरबॅग फुटताना सीटच्या पाठीवर आदळते, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे. नको.

'उन्हात लेकरं भाजतात.' हा मुद्दा खरा आहे. उत्तर चुकीचं आहे. उभ्या बंद गाडीत वीस मिनिटांत साधारण पंधरा अंश वाढतात, मग बाहेर जळगावचे 44 असतील तर आत काय होईल ते बघा. म्हणून सीटवर जुनं पांढरं धोतर टाकून ठेवा, बकलचं लोखंड हाताने तपासा, एसी आधी चालू करून मग बाळं बसवा, खिडकीला जाळी लावा. सीटवर ओढणी पांघरू नका, हवा अडते. पहाटे निघा, हे तर आपल्या आज्याही सांगायच्या. आणि 'पाच मिनिटांत येतो' म्हणून बाळाला गाडीत ठेवून कुठेही जायचं नाही.

'कायद्यात नाही.' आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194ब आलं: 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड. आपल्याकडे कुणी अडवून विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

जुनी सीट नात्यातून मिळाली तर घ्या, पण अपघातातली नाही ना ते विचारा, आणि प्लास्टिकवर कोरलेली मुदत बघा.

राहता राहिला आजीचा प्रश्न. मागे दोन सीट दोन बाजूंना लागल्या की छोट्या गाडीत मधे कुणी मावत नाही, मग बाळांकडे बघणार कोण? आजीला पुढे बसवा. दर दोनेक तासांनी गाडी थांबवा, बाळं बाहेर काढा, पाजा, पाठ मोकळी करा, पुन्हा बांधा. रडली तर मधेच थांबा. शहाद्याला तासभर उशीर झाला तरी मांडे काही पळून जात नाहीत.